घर मुलीला, छप्पर जावेला

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार याच घराच्या डाव्या अर्ध्या भागात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि डोकं ठिकाणावर ठेवून करत आहे. कोणाच्या सांगण्यावरून करत नाही, उलट बऱ्याच जणांनी नको म्हटलेलं असूनही करत आहे. डॉक्टरांनी तपासून मी धडधाकट असल्याचा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या स्वभावाबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.

मला एक मुलगा आणि एक मुलगी. यजमान हयात नाहीत. हे मृत्युपत्र करण्यामागे हेतू एकच, की मी गेल्यावर माझ्या मुलीला या घरात कोरड्या अंथरुणावर झोपता यावं. बाकीची कलमं ओघाने आली आहेत, काही रागाने आली आहेत.

मजकूर मी सांगितला आणि वकिलाने लिहून घेतला. वकील म्हणजे ज्याची शाळेची पहिली अर्धी चड्डी मी शिवली होती तोच. त्याने जागोजागी ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ पेरून ठेवले होते, ते मी वेचून काढले. जिथे राहिले असतील तिथे तो हट्टाला पेटला होता असं समजावं.

कलम १. घराविषयी.

घर एक, दारं दोन. माझे यजमान आणि माझे धाकटे दीर, दोघे सख्खे भाऊ, त्यांनी मिळून बांधलं. मधोमध एक भिंत, डावीकडे आम्ही, उजवीकडे दीर आणि जाऊ. वर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच छप्पर. माझा डावा अर्धा भाग, म्हणजे पुढची शिवणकामाची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागची मोरी आणि कागदोपत्री जे काही आणखी असेल ते, मी माझ्या मुलीला देत आहे. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लग्न मोडून परत आली, त्याला बरीच वर्षं झाली. का मोडलं ते मी तिला विचारलं नाही. हे माझ्या स्वभावाला धरून नाही, तरी विचारलं नाही.

कलम २. मुलाविषयी.

मुलावर माझा राग नाही. तो मोठ्या शहरात उंच इमारतीत मधल्याच कुठल्यातरी मजल्यावर राहतो. त्याच्या डोक्यावर दुसऱ्या कोणाची तरी फरशी आहे, त्यामुळे छप्पर म्हणजे काय असतं हे तो विसरला आहे. गळतीचं सांगितलं की फोनवर म्हणतो, “आई, विकून टाक ना ते अर्धं घर, आणि ये इकडे.” मी विचारलं, “आणि ताई?” तर म्हणाला, “तीही येईल की.” त्याच्या घरात पाहुणा आला की सोफा उलगडून पलंग करावा लागतो, हे मी पाहून आले आहे. सूनबाई चांगली आहे, म्हणून तिच्यावर हा प्रसंग आणू नये असं मला वाटतं.

माझी बँकेतली ठेव आधी छपराकडे जाईल आणि उरेल ती मुलाला मिळेल. शिवाय शिवणकामाच्या खोलीतला माणसाएवढा आरसाही त्यालाच. लहानपणी तो गिऱ्हाइकांच्या आधी त्यात स्वतःला बघून घ्यायचा.

कलम ३. छपराचा पूर्वेतिहास.

वकील म्हणाला, “मावशी, मृत्युपत्रात इतिहास लागत नाही.” लागतो. इतिहास कळल्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत.

मूळ छप्पर कौलांचं होतं. ते थकलं तेव्हा दोन्ही घरांनी मिळून पत्रे घालायचं ठरवलं. रंग लाल ठरला. सगळ्यांसमोर ठरला. मग माझी जाऊ कोणाकडे तरी जाऊन आली, तिथे तिने हिरवं छप्पर पाहिलं आणि तिचा रंग बदलला. ती सांगते की हिरवा आधी ठरला होता आणि लाल मी मागून घुसवला. हे धादांत खोटं आहे, आणि इथे लेखी असल्यामुळे आता खोटंच राहील.

दोघींनीही माघार घेतली नाही. मी माझा ठेकेदार आणला, तिने तिचा. तो उजव्या टोकाकडून निघाला, हा डाव्या टोकाकडून, आणि मधल्या भिंतीवर दोघांची गाठ पडली. तिथे एकाचा पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यावर चढवावा लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी शिरतं. मी खालून ओरडून सांगितलं, “आमचा वर घ्या.” तीही पलीकडून तेच ओरडली. खालचा पत्रा कोणालाच नको होता. दोन्ही ठेकेदार छपरावर बसून विड्या ओढत राहिले. शेवटी दोन्ही पत्रे कडेला कड लावून ठेवले, मधल्या फटीत डांबर भरलं, आणि दोघे आपापल्या शिडीने उतरून गेले.

माझे यजमान आणि दीर यांनी या सगळ्यात तोंडातून ब्र काढला नाही. दोघे मागच्या अंगणात चहा पीत बसले होते. यजमान नंतर मला एवढंच म्हणाले, “अगं, भिंत दोघांची आहे.” मी म्हटलं, “तिला सांगा.”

पुढच्याच पावसाळ्यात डांबर फाटलं. तेव्हापासून ती भिंत पाणी पीत आली आहे. तिच्या बाजूला कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते, माझ्या बाजूला गिऱ्हाइकांची कापडं दोन वेळा खराब झाली. आणि तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. यजमान गेले तेव्हा ती आली, दीर गेले तेव्हा मी गेले. तेव्हाही कामापुरतंच बोललो.

माझी मुलगी मात्र लहानपणापासून मागच्या दाराने काकूकडे जात राहिली. ती जाते हे मला माहीत नाही असं मी दाखवत आले. मोठी झाल्यावरही जाते, आणि मी अजूनही दाखवते.

कलम ४. छपराविषयी वारसांना सूचना.

हे कलम मुलीने नीट वाचावं, मुलाने निदान एकदा वाचावं.

गळतं तिथे भोक नसतं. पाणी वर कुठेतरी शिरतं, वाशावरून सावकाश चालत येतं आणि त्याला वाटेल तिथे ठिबकतं. म्हणून ठिबकणाऱ्या जागेच्या बरोबर वर चढून डांबर फासणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं. भर दुपारी दारं-खिडक्या लावून माळ्यावर जावं, डोळे अंधाराला सरावू द्यावेत, आणि पत्र्यातून जिथे उजेडाचे ठिपके दिसतील तिथे खाली खडूने खूण करावी. मी केली. माझा शिवणकामाचा खडू त्यातच संपला.

एक ठेकेदार आला तो रस्त्यावरच उभा राहिला, मान वर केली आणि म्हणाला, “काही नाही हो, एक पत्रा बदलला की झालं.” शिडीला हातही लावला नाही. गळतीखाली ठेवायची माझी बादली मी त्याला देत आहे. ती वारसांपैकी कोणीतरी त्याच्या घरी नेऊन पोचवावी, तीही भरलेली.

दुसऱ्याने सुचवलं की जुने पत्रे काढायचेच नाहीत, त्यांच्यावरच नवे ठोकायचे, दोन दिवसांत काम संपतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे उसवून दुरुस्त केले आहेत. टीप उसवल्याशिवाय आतलं कापड किती विरलंय ते मला कधी कळलं नाही. पत्रा न काढता त्याला आतलं लाकूड कसं दिसलं, ते तोच जाणे. जुनं सगळं उतरवूनच घ्यावं आणि ते भंगार कोण उचलणार हे आधी लिहून घ्यावं, नाहीतर ते अंगणातच राहतं आणि त्यात मांजरी वितात. उतरवल्यावर कुजकं लाकूड निघणारच. ते कोणत्या भावाने बदलणार हेही काम सुरू होण्याआधी ठरवावं. छप्पर उघडं पडल्यावर भाव करायला गेलं, तर भाव तोच ठरवतो.

पत्र्याला स्क्रू मारायचा तो पन्हळीच्या उंच जागी, खोलगट जागी नव्हे, आणि त्याखाली रबराची चकती हवी. काम झालं की मुलीने ठेकेदाराला पाण्याचा पाइप घेऊन वर चढायला सांगावं, छपरावर पाणी सोडायला लावावं, खाली एकाने पाहत बसावं, आणि मगच शेवटचे पैसे द्यावेत. अंगणात सांडलेले खिळे आणि स्क्रू उचलायला माझं टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक घ्यावं. ते मी मुलीला देत आहे. अनवाणी हिंडायची तिची सवय गेलेली नाही.

तिसरा ठेकेदार मला पटला. याला सगळे ‘होऊन जाईल’ म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो तेच उत्तर देतो. स्वतःचे केस पांढरे असून मला आजी म्हणतो, तेवढा एक दोष. हा शिडी लावून माळ्यावर चढला, तुळई मधल्या भिंतीत शिरते तिथे तिला स्क्रूड्रायव्हर टेकवला, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मी विचारलं, “होऊन जाईल ना?” त्याने स्क्रूड्रायव्हर ओढून काढला आणि पॅन्टला पुसला. मग म्हणाला, “आजी, ही तुळई पुढचा पावसाळा काढेल असं मला वाटत नाही.”

त्या तुळईखाली माझी मुलगी झोपत होती. खाट त्याच दिवशी हलवली, पण घर एवढंसं, किती हलवणार? आणि तुळई एकच, दोन्ही घरांतून आरपार गेलेली. होऊन जाईल म्हणाला की अर्धं छप्पर उघडून ती बदलता येत नाही, उघडायचं तर सगळं उघडायचं. म्हणजे जावेची संमती हवी. म्हणजे तिच्याशी बोलायला हवं.

कलम ५. मशीन, कात्र्या वगैरे.

पायमशीन माझ्याकडे काजं-बटणं करायला येणाऱ्या बाईला. माझ्या मुलीला शर्टाचं बटण लावता येत नाही, तिला मशीन देऊन मशीनचा अपमान करायचा नाही. उरलेली कापडंही त्याच बाईला. ज्या गिऱ्हाइकांनी शिवायला टाकून वर्षानुवर्षं नेले नाहीत, त्यांचे कपडे त्यांना नेऊन द्यावेत. ते आता अंगाला होणार नाहीत, पण त्यांची त्यांनाच लाज वाटावी म्हणून द्यावेत. मोठी कात्री कोणाला, ते शेवटच्या कलमात पाहावं.

कलम ६. छपराविषयी मुख्य तरतूद.

माझ्या डाव्या अर्ध्या भागावरचं छप्पर, पत्रे, वासे, तुळईचा माझ्या बाजूचा भाग आणि पन्हळींसह, मी माझ्या धाकट्या जावेला देत आहे. घर मुलीचं, छप्पर जावेचं. छप्पर ज्याचं, दुरुस्ती त्याची.

(कलम ६ रद्द समजावं. वकील म्हणाला की स्वच्छ प्रत काढू आणि हे कलम गाळू. मी गाळू दिलं नाही. ते का लिहिलं आणि का रद्द झालं हे खाली दिलं आहे.)

कलम ६ विषयी खुलासा.

माझा हिशेब सरळ होता. मी गेल्यावर मुलगी, काकूकडे जात-येत असली तरी, छपराचं काही मागणार नाही, कारण ती माझ्यावर गेली आहे. जाऊ आपणहून येणार नाही, कारण ती जाऊ आहे. पण छप्परच तिचं झालं, तर तिला घराकडे बघावंच लागेल. वकील डोक्याला हात लावून बसला. “मावशी, घर एकाला आणि छप्पर दुसऱ्याला असं कुठे असतं?” मी म्हटलं, “खालचा मजला एकाला आणि वरचा दुसऱ्याला देतात की नाही? मग हा सगळ्यात वरचा मजला समज.” त्याला तोड सुचली नाही, किंवा सुचली पण चड्डीची आठवण आली.

मग मी त्याला म्हटलं, “कलम सहा मोठ्याने वाच, मला हल्ली कमी ऐकू येतं.” शेजारी बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातून सुई पडली तरी मला ऐकू येते, हे तिला ठाऊक आहे. पण वकील भोळा, त्याने भिंतीकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचलं.

पलीकडे भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. आणि भिंतीतून आवाज आला, “मला नको!”

वकिलाच्या हातातले कागद पडले. मी सावकाश म्हटलं, “नको कसं? दिलंय.”

थोड्या वेळाने ती पुढच्या दाराने आली. किती वर्षांनी आली, ते मी मोजत नाही. हात ओले होते. उभ्या उभ्याच म्हणाली, “जाऊबाई, जिवंत आहात तोवर वापरायचं आणि चाळण झाली की माझ्या गळ्यात मारायचं?”

“अगं, मालकीण होशील.”

“मालकीण! तुमच्या घरात गळलं की पोरगी येणार, काकू तुमचं छप्पर गळतंय म्हणून! रात्री-बेरात्री मी शिडी धरू?”

“तेच तर म्हणते मी. कोणीतरी धरायला हवी ना.”

मग ती माझ्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली आणि पदराला हात पुसत विचारलं, “तो होऊन जाईल काय म्हणाला?” मी स्क्रूड्रायव्हरचं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. “पोरीची खाट कुठे आहे?”

“हलवली.”

“कुठे हलवली? इथे जागा कुठे आहे? पाठवायची होती माझ्याकडे.”

मुलगी म्हणाली, “काकू, तुमच्याकडेही तीच तुळई आहे.”

“मला काय होतंय,” जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि हे असले उद्योग मेल्यानंतरचे कशाला? छप्पर आत्ता उघडा. दोन्हीकडचं.”

मी म्हटलं, “तू संमती दिलीस, हे वकिलासमोर बोललीस.”

“दिली. पण तुमच्या त्या कलमाची गरज नव्हती. माझा अर्धा भाग पोरीच्याच नावे आहे. हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी मृत्युपत्र करून ठेवलंय. फक्त तुमच्यासारखं भिंतीला वाचून नाही दाखवलं.”

या घरात मला पहिल्यांदाच काही बोलता आलं नाही, याला वकील साक्षी आहे. एवढं मोठं काम ती माझ्याआधी करून बसली होती आणि इतकी वर्षं भिंतीपलीकडे गप्प होती. मला राग आला, आणि तो मी इथे लेखी नोंदवत आहे. मी म्हटलं, “मला सांगायला काय झालं होतं?”

“तुम्हाला कशाला सांगायचं? तुमची पोरगी म्हणून थोडीच दिलंय? तुम्ही मशीनवर बसलेल्या असायच्यात, ती माझ्या मांडीवर वाढली.”

हे खरं आहे. हंगामाच्या दिवसांत मी मशीनवरून उठत नसे, आणि ती मागच्या दाराने कुठे जेवते, कुठे झोपते, हे मला माहीत होतं म्हणूनच मी निर्धास्त बसत असे. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले. जावेला रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता. मुलगी मागोमाग आली आणि तिने तो बंद केला, पाणी वाया जातंय म्हणून.

कलम ७. छपराविषयी सुधारित तरतूद.

छप्पर माझ्या हयातीतच बदललं जात आहे, सबंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुळई नवी. वासे जे टणक निघतील ते ठेवायचे, बाकीचे बदलायचे. मधल्या भिंतीवर सांधा येणारच नाही असं होऊन जाईलने मोजून काढलं आहे. भिंतीच्या वर एकच पत्रा येतो, अर्धा तिच्या बाजूला, अर्धा माझ्या. पत्र्यांच्या खाली अस्तर घालायचं आहे, म्हणजे ऊनही कमी लागेल आणि पाऊस पडताना एकमेकींचं बोलणंही ऐकू येईल. याचा फायदा की तोटा, ते पुढे कळेल.

रंग मुलीने निवडला. राखाडी. आम्हा दोघींनाही आवडलेला नाही, म्हणजे बरोबर असावा.

खर्च दोन्ही घरं सारखा करत आहेत. मुलालाही कळवलं आहे. तो म्हणाला, “आई, पण मग विकायचं कधी?” त्याला आरसा मिळणार आहे.

कलम ८. मोठी कात्री.

ही कात्री मी जावेच्या नावे लिहिणार होते. हिच्यावर तिची नजर लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून आहे. पण वकील म्हणाला की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, आणि सहीला तर तीच हवी आहे. मी शुद्धीत होते की नव्हते, हे तिच्याइतकं खात्रीने दुसरं कोणी सांगू शकणार नाही. म्हणून कात्री मी तिला आजच हातात दिली. तिने धार बघितली आणि लावून आणायला हवी म्हणाली. तेव्हा या मृत्युपत्रातून माझ्या जावेला काहीही मिळत नाही.

कलम ९.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलाने करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करणार नाही असं वचन देत नाही, माणसं कशी वागतात त्यावर ते अवलंबून आहे.

वरचा सगळा मजकूर मला वाचून दाखवला, मला तो समजला, आणि माझ्याच इच्छेनुसार आहे म्हणून मी दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे. दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: घराचं अंगण. आत बसायची सोय नाही, वर आभाळ आहे.
दिनांक: अकरा एप्रिल.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: (सही)
छपराचा ठेकेदार. सही छपरावरून उतरून केली आहे. ताडपत्री तयार आहे, पाऊस नाही, संध्याकाळपर्यंत तुळई चढेल. होऊन जाईल.

साक्षीदार २: (सही)
मृत्युपत्र करणाऱ्या बाईंची धाकटी जाऊ, राहणार याच घराच्या उजव्या भागात. त्या शुद्धीत आहेत, नेहमी असतात, तोच त्रास आहे. वकील म्हणतात की या बाई गेल्यावर कोर्टात येऊन मला हे सांगावं लागेल. सही मी केली आहे. पण सांगायला जायची वेळ माझ्यावर येणार नाही एवढं जाऊबाईंनी बघावं. मला ते जमणार नाही.